राईतून गळलेला ह

पनवेलमध्ये राहून मला चाळीस वर्षं होत आली, तरी भाजीवाल्यापासून बँकेतल्या कॅशियरपर्यंत सगळे मला 'गोगलगायवाल्या बाई' म्हणतात. कॉलेजात मी पोटापाण्यासाठी प्राणिशास्त्र शिकवलं, मुलांकडून बेडूक कापून घेतले, पुढे बेडूक कापणं बंद झालं तेव्हा बेडकाच्या आकृत्या काढून घेतल्या, पण ते कुणाच्या लक्षात नाही. लक्षात राहिलं ते एवढंच, की ही बाई रविवारी साडी खोचून उरणच्या खाडीत उतरते, डबा भरून चिखल घरी आणते आणि त्यावर भिंग धरून बसते. माझ्या सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या, "सूनबाई संशोधन करतात," आणि लगेच चहा ठेवायला उठायच्या.

या संशोधनात नक्की काय करतात, हे नवऱ्यालाही मी निवृत्त होईपर्यंत नीटसं कळलं नव्हतं, म्हणून आधी तेवढं सांगते. भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यात मोहरीएवढ्या गोगलगायी असतात. त्या कुणी खात नाही, माळेत ओवत नाही, देव्हाऱ्यात ठेवत नाही. त्यामुळे त्यांना नाव द्यायचंही कुणाला सुचलेलं नसतं. ते काम आमचं. नावं ठेवणं हा आपल्याकडे घरोघरी चालणारा उद्योग आहे, मी तो फक्त भिंग लावून केला.

शास्त्रात प्रत्येक जीवाचं नाव दोन शब्दांचं असतं. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे आडनाव समजा. दुसरा जातीचा, म्हणजे त्याचं स्वतःचं नाव. सरकारी फॉर्मसारखं आडनाव आधी. नवी जाती शोधणं म्हणजे ओळखीच्या घरात आणखी एक बारसं. पण नवी प्रजाती म्हणजे हे घराणंच वेगळं आहे, हे जगाला पटवून देणं, आणि ते नुसता शंख दाखवून पटत नाही. त्यासाठी जीभ लागते. गोगलगायीच्या जिभेवर कानशीसारखी दातांची पट्टी असते. ती मिळवायची तर जीव कॉस्टिक सोड्याच्या थेंबात टाकायचा. बाकीचं सगळं विरघळून जातं आणि मागे जिभेची पट्टी तेवढी शिल्लक राहते. काही माणसांचंही असंच होत असावं, असं सासरी आल्यापासून माझं मत आहे.

या कामाची कीर्ती पसरली की दारात गिऱ्हाईक येतं. एकदा एक बिल्डर लाल मखमलीत गुंडाळलेला शंख घेऊन आले. उलट्या वळणाचा, लक्ष्मी खेचून आणणारा, लाखात एक सापडणारा. "बाई, फक्त अस्सल आहे एवढं लिहून द्या." मी तो फिरवून पाहिला आणि सांगितलं, की अस्सल आहे, पण हा आपल्याकडचा शंखच नव्हे. ही अमेरिकेच्या किनाऱ्यावरची वेगळीच गोगलगाय. त्यांच्यात सगळेच असे वळलेले असतात, सरळ वळणाचा सापडला तर तो लाखात एक. त्यांनी शंख परत मखमलीत गुंडाळला. मग म्हणाले, "मॅडम, तुम्हाला नाव विचारलं होतं का?" नाव कळलं की माणसं रागावतात, हा धडा मला तिथे मिळाला. मी तो तेव्हा नीट घेतला नाही.

नावांच्या बाबतीत आमच्या शास्त्राचे नियम फार कडक. त्यातला पहिला असा, की एकाच जीवाला दोन नावं पडली तर आधी ठेवलेलं खरं. आता माझंच बघा. मी घाटावरची, माहेरची कुमुद. लग्नात ताटात तांदूळ पसरले, नवऱ्यानं त्यात अंगठीनं 'अनघा' लिहिलं, फोटोग्राफरनं "वहिनी, इकडे बघा" म्हटलं आणि कुमुद संपली. आमच्या नियमाने मी आजही कुमुदच. पण हा नियम गोगलगायींना लागू आहे, सुनांना नाही. लग्नाआधीचे माझे दोन निबंध माहेरच्या नावावर आहेत आणि पुढचे सासरच्या. नंतरच्या एका निबंधात मी माझंच जुनं मत खोडून काढलं, तेव्हा एका परदेशी तज्ज्ञाने गंभीरपणे लिहिलं होतं, की या दोन भारतीय विदुषींमध्ये तीव्र मतभेद दिसतात.

पुढे जे भोगलं ते जिच्या नावामुळे, त्या बाईकडे आता येते.

उरणजवळच्या मोऱ्याच्या धक्क्याच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी, तेव्हा मोठं थोरलं चिखलाचं मैदान होतं. ओहोटीला मी तिथे चाळणी घेऊन उतरत असे. एका सकाळी गुडघाभर चिखलात रुतून बसले असताना मागून आवाज आला.

"बाई, काय हरावला?"

टोपलीत कालवं गोळा करणारी, माझ्यापेक्षा पाचसहा वर्षांनी मोठी कोळीण उभी होती. मी म्हटलं, "बारीक गोगलगायी शोधतेय. मोहरीएवढ्या."

"त्या? त्या चिकलान नाय मिलाच्या. हिकरं या."

तिने मला हाताला धरून ओढून काढलं आणि मेलेल्या कालवांच्या एका ढिगाशी नेलं. एक रिकामी कवटी, म्हणजे कालवाचं कवच, उलटी केली. आतल्या ओल्या सावलीत कुणीतरी मोहरीचा डबा सांडून ठेवावा तसे शंभरेक काळपट ठिपके चिकटलेले होते. "जवल्यान येतान ह्या," ती म्हणाली. "किती बी निवरा, दाताखाली कच करतान. घरवाला शिव्या देतो."

ज्या प्राण्याची शास्त्राला खबर नव्हती, त्याच्यावरून मोऱ्याला घरोघरी भांडणं होत होती. मी दोन कवट्या डब्यात घेतल्या आणि कामाच्या सवयीने वही काढून विचारलं, "तुमचं नाव काय?"

ती खाडीपलीकडे बघत राहिली. स्वतःचं नाव सांगायला माणसाला इतका वेळ लागत नाही, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. मग ती म्हणाली, "राई."

मी लिहिलं, राईबाय.

पुढच्या रविवारी मी कोळ्यांच्या वाडीत जाऊन राईबायचं घर विचारलं. "राईबाय? त्या नावाची कोनी नाय हितं," चार घरांत हेच उत्तर. शेवटी तीच समोरून जवळ्याची पाटी घेऊन आली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "हितं मना लक्ष्मी बोलतान." मला वाटलं, एक पाळण्यातलं नाव असेल आणि एक लाडाचं. विचारलं नाही. दोन नावांच्या बाईला दुसरी दोन नावांची बाई भेटली होती आणि मी गोगलगायीच्या दातांत गुंतले होते.

दात वेगळे निघाले. एकदा नाही, चाळीस जिभा काढल्या, चाळीस वेळा वेगळे निघाले. हे घराणंच नवं होतं. प्रजातीला नाव द्यायची वेळ आली तेव्हा मला क्षणभरही विचार करावा लागला नाही. जिने शोधून दिली ती राई, आणि आकारही राईएवढाच. मी नाव ठेवलं 'राइएला', आणि निबंधात नावाच्या व्युत्पत्तीचा मोठा झोकदार परिच्छेद लिहिला, की राई म्हणजे मोहरी, आणि योगायोगाने तेच गोळा करणाऱ्या बाईचंही नाव. राईचा पर्वत करायचा म्हणतात तो असा.

निबंध छापून आला तेव्हा त्याच्या पहिल्या पानाची प्रत घेऊन मी उरण नाक्यावर गफूरभाईंच्या फ्रेमच्या दुकानात गेले. पानावर गोगलगायीचं मोठं करून काढलेलं चित्र होतं. गफूरभाईंनी चष्मा वर केला. "बाई, लोक मक्का-मदिना आणतात, सासऱ्यांचा फोटो आणतात. ही काय चीज आहे?"

"गोगलगाय आहे. मोहरीएवढी असते."

"माशाल्ला," ते चित्राकडे बघत म्हणाले, "तब्येत चांगली आहे." आणि सोनेरी पट्टीची फ्रेम करून दिली.

ती मी राईबायच्या घरी, देवांच्या खाली, स्वतः खिळा ठोकून लावली. बोटाने नाव दाखवलं आणि मोठ्या तोंडाने सांगितलं, "राईबाय, चंद्रसूर्य असेपर्यंत तुमचं नाव आता कुणी पुसू शकत नाही." ती पदराने फ्रेमची काच पुसत होती. म्हणाली, "बरा झाला. कुटं तरी ऱ्हायला." त्या 'कुठं तरी'मध्ये काय होतं, ते मला तीन वर्षांनी कळलं.

तीन वर्षांनी, भाऊबीज होऊन दोन दिवस झाले असताना, माझ्या पनवेलच्या घरी एक गृहस्थ आले. पांढरा शर्ट, खिशाला पेन, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्रेम. राईबायचे धाकटे भाऊ, शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. पाणी घेतलं, चहा नको म्हणाले.

"बाई, राग धरू नका. भाऊबीजेला ताईकडे गेलो होतो. ती हे दाखवत होती. आजवर नुसतं चित्र पाहिलं होतं, या वेळी वाचलं." त्यांनी फ्रेम टेबलावर ठेवली. "इथे राई लिहिलंय. मोहरी असा अर्थही दिलाय. आमच्या ताईचं नाव राही."

मी म्हटलं, "पण त्यांनीच मला राई सांगितलं."

"आमी बोलतो तसंच. महादेवाला मादेव म्हणतो, म्हातारीला मातारी. मधला ह आमच्या तोंडात टिकत नाय. राही. विठोबाची राणी. रखुमाई सगळ्यांना ठाऊक, राहीला कोण ओळखतो? आमच्या आजीने हौसेनं ठेवलेलं. लग्नात बदललं, लक्ष्मी झाली. शाळेत कधी गेली नाही, म्हणून दाखला नाही. रेशनकार्ड, मतदानाचं कार्ड, सगळं लक्ष्मीच. राही हे नाव कागदावर कुठेच नाय, बाई. एक तुमच्या कागदावर येणार होतं."

मी फ्रेम ओढून ते नाव पुन्हा वाचलं. त्यांनीच पुढे सांगितलं. "तिला वाईट वाटलं. म्हणाली, नाव नसता लिवला तरी चालला असता, मोहरी कशाला लिवली?" मग ते उठले आणि दारात वळून म्हणाले, "मीही चाळीस वर्षं पटावर नावं लिवली. माझ्याही हातून किती ह गेले असतील, देव जाणे." तो मोठेपणा होता. मला तो जास्तच लागला.

चिखलातले ते काही क्षण मला पुन्हा आठवले. नाव विचारल्यावर ती खाडीपलीकडे बघत राहिली होती. तिच्या माहेराकडे. लग्नानंतर सासरी कुणी न उच्चारलेलं नाव तिने माझ्या वहीत ठेवायला दिलं होतं आणि माझ्या घाटावरच्या कानांनी त्याची मोहरी केली होती. दुसऱ्यांची चुकीची नावं दुरुस्त करणं हाच माझा धंदा, आणि मी 'राईबाय, म्हणजे राही का हो?' एवढं एक वाक्य विचारलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी मी नियतकालिकाच्या संपादकांना लिहिलं, की एक अक्षर राहून गेलं आहे, दुरुस्ती छापावी. उत्तर अतिशय सभ्य होतं. छापखान्याची चूक असती तर दुरुस्त करता आली असती. पण ऐकण्यातली किंवा लिप्यंतरातली चूक आमचे नियम चूक मानतच नाहीत. एकदा छापलेलं नाव छापलं तसंच राहतं. शिवाय निबंधातच कुठेतरी योग्य रूप आलं असतं तर विचार झाला असता, पण तुम्ही तर राई म्हणजे मोहरी असं सविस्तर समजावून दिलं आहे. थोडक्यात, कुलूप मी लावलं होतं, आणि त्या झोकदार परिच्छेदाने किल्ली खाडीत फेकली होती. चंद्रसूर्य असेपर्यंत कुणी पुसू शकणार नाही, हे मी दिलेलं वचन तंतोतंत खरं ठरलं होतं.

मग कित्येक वर्षं मी मोऱ्याकडे फिरकले नाही. तिथला अभ्यास संपला होता, असं मी सांगत असे. खरं म्हणजे मला तिला तोंड दाखवायची लाज वाटत होती. फ्रेम माझ्या कपाटावर भिंतीकडे तोंड करून पडून होती. मी निवृत्त झाले. त्या मैदानावर भराव पडला, त्याच्यावर कंटेनर उभे राहिले, हेही मला पळस्पे फाट्यावर भेटलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून कळलं. तो तिथेच नोकरीला होता आणि खूश होता.

गेल्या वर्षी परदेशातल्या एका अनोळखी तज्ज्ञाचा ईमेल आला. गृहस्थ ढेकणांचे अभ्यासक. फार संकोचाने लिहिलं होतं, की मॅडम, कळवायला वाईट वाटतं, पण आपलं 'राइएला' हे नाव आपल्या आधी कितीतरी वर्षं, कुणा राय नावाच्या साहेबांच्या मानार्थ, एका रानढेकणाला दिलेलं आहे. साऱ्या प्राणिसृष्टीत दोन प्रजातींना एकच नाव चालत नाही, हे आपण जाणताच. आपलं नाव बाद होतं. रिवाजाप्रमाणे नवं नाव देण्याची पहिली संधी आपली.

आमच्या धंद्यात याहून मोठी नामुष्की नाही. नाव ठेवण्याआधी ते कुणी घेतलंय का, हे बघणं म्हणजे पहिलीतला धडा. माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर आठवडाभर घराबाहेर पडलं नसतं. मी चप्पल घालून बाहेर पडले आणि पेढे घेऊन आले.

"कसले?" नवऱ्याने विचारलं.

"माझी गोगलगाय बाद झाली. ते नाव एका ढेकणाचं निघालं."

त्याने पेढा हातातच धरून ठेवला. "आणि आपण त्याचे पेढे खातोय?"

मी त्याला नियम सांगितला. दोन नावांत एका अक्षराचा फरक असला तरी ती वेगळी धरतात. एकच अक्षर. त्याने ते समजून घेतलं की नाही ठाऊक नाही, पण पेढा खाल्ला. मग जरा वेळाने, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, म्हणाला, "तुला कुमुद म्हटलेलं आवडलं असतं का गं?" मी म्हटलं, "आता राहू दे. दूधवाला गोंधळेल."

नवा निबंध दीड पानाचा झाला. माझा सगळ्यात छोटा आणि माझ्या मते एकमेव बिनचूक. 'राइएला' बाद, त्याजागी 'राहिएला'. आणि व्युत्पत्ती एका ओळीत दिली, की राही, गोळा करणाऱ्या बाईचं माहेरचं नाव, बोलताना ह ऐकू येत नाही, लिहिताना गाळू नये.

तो छापून आल्यावर गफूरभाईंच्या मुलाकडून तीच फ्रेम उघडून घेतली, नवं पान घातलं आणि उरणची एसटी पकडली. राहीबाय दारात बसली होती. केस पांढरे झालेले, मांडीवर सुपात तांदूळ. मला तिने आवाजावरून नाही, चालीवरून ओळखलं. "आलाव गो बाई," म्हणाली, जसं मी गेल्या रविवारीच येऊन गेले होते.

मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. चूक माझी होती, मी नीट विचारलं नाही, तुमचं नाव मोहरी करून टाकलं, मला फार वाईट वाटत होतं. ढेकणाचं सांगितलं तेव्हा ती खळखळून हसली. मग तिने विचारलं, "आन त्या गोगलगायी? त्या हायेत का कुटं?"

"इथे आता नाहीत. भरावाखाली गेल्या. दुसरीकडे अजून मला सापडल्या नाहीत. एका संग्रहालयात बाटलीत आहेत बारा."

"म्हंजी शंक नाय, नाव हाय."

"हो."

"आन मी हाय, तवा नाव नव्हता." ती हे रागाने म्हणाली नाही, पण मी मान खाली घातली. खरं तर आमच्या शास्त्राचा एवढा नेमका सारांश मी कुठल्या वर्गात देऊ शकले नव्हते.

तिने फ्रेम हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. "ह्या इंग्रजी. मना काय कलनार? मराठीन लिवून दाव."

माझ्याकडे कागद नव्हता. तिनेच सूप पुढे सरकवलं, तळहाताने तांदूळ सारखे केले आणि म्हणाली, "हितं लिव. लगनान लक्ष्मी बी तांदलानच लिवलेली."

मी बोटाने लिहिलं. रा. ही.

"यातला तो ह कंचा?"

मी तिचं बोट धरून त्या अक्षरावरून फिरवलं. वरून खाली, आत, आणि शेवटी बाहेर. तिने एकटीने पुन्हा एकदा फिरवलं.  तिचे डोळे भरले होते, माझेही.

"बरा हाय," ती म्हणाली. "आता वाच."

मी वाचलं, "राही."

"हां," ती समाधानाने म्हणाली. "राई."

आणि सूप हलवून तिने पुन्हा तांदूळ निवडायला घेतले.